टिळा लावलेली रॅम

शेजारच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या बाईंनी मला वाचवलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, मीच काही दिवे लावले.

मी सांगलीकडचा. नववीत शाळेला रामराम ठोकून, कुणाच्या तरी ओळखीनं पार चंद्रपूरकडच्या वडशाला एका डीटीपीच्या दुकानात चिकटलो होतो. काम दुकानात, झोपही दुकानात. नोकरी गेली तर अंथरूणही जाणार, ही धास्ती कायम पोटात. मालक जरा मोठ्यानं खोकले तरी मी माझी बॅग कुठे आहे ते बघून ठेवायचो.

वडशाला हिवाळा म्हणजे नाटकांचा हंगाम. मंडळ्यांची पोस्टरं आमच्याकडे व्हायची. पोस्टरवर नायकापासून ऑर्गनवाल्यापर्यंत सगळ्यांचे फोटो, आणि तेही एकाच मापाचे. कुणाचं तोंड बोटभर लहान झालं की दुकानातच दुसरं नाटक सुरू. एवढी तोंडं आमच्या जुन्या कॉम्प्युटरला पेलायची नाहीत. निम्मी टाकून झाली की तो गप्प बसायचा. मी रुबाबात मालकांना म्हणालो, "भाऊ, रॅम वाढवू या. मी बसवतो." हातातलं काम लक्षात धरून ठेवणारी ती पट्टी मी तोवर फक्त लांबून पाहिली होती.

मालक नागपूरला जाऊन रॅम घेऊन आले. दुकानात आलेल्या नव्या वस्तूला, मग ती खुर्ची का असेना, टिळा लावल्याशिवाय ते हात लावू देत नसत. नारळ फुटला आणि त्या हिरव्या पट्टीच्या मधोमध कुंकवाचं बोट उमटलं.

"लाव आता," मालक म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीनं पोस्टरची सीडी चंद्रपूरच्या प्रेसले गेली पायजे. मंडळीले जबान देऊन बसलो मी."

जुन्या पट्टीशेजारी नवी लावली. बटण दाबलं. स्क्रीन काळा, आणि आतून लांबलांब बीप. नवी काढली की कॉम्प्युटर गुपचूप सुरू. परत लावली, परत बोंब.

मला कारण लगेच कळलं. कुंकू! पट्टीच्या सोनेरी दातांवर कण दिसतच होते. पण ज्यांच्या छपराखाली झोपतो त्यांना कसं सांगणार, की भाऊ, तुमच्या टिळ्यानं मशीन मेलं? मी टेबलाखाली शिरलो. दात खोडरबरानं घासले, खाचेत ब्रश फिरवला, फुंकर मारली. कण उडून माझ्याच डोळ्यात गेले. बीप. शेवटी टिळाही पुसला आणि देवाची माफी मागितली. बीप.

"काऊन रे, का करून राह्यला तिथी?" मालकांनी विचारलं.

"बसतेय भाऊ, बसतेय."

"बसते का रडते?" समोर बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं.

"नाई बसत तर परत करून येतो नागपूरले," मालक म्हणाले.

"टिळा लावलेला माल कोण परत घेते भाऊ?" गिऱ्हाइकानं खुंटा हलवून बळकट केला.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेकडे पाहिलं.

चहा सांगून येतो म्हणालो, पट्टी खिशात घातली आणि क्लासच्या बाईंकडे पळालो. त्यांची ओळख म्हणाल तर येताजाता नमस्कार करण्यापुरती. मी टिळ्याचं सगळं सांगितलं. त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"कुंकवाले कायले दोष देतं? हे पाह्य, साऱ्या चिपा एकाच बाजूनं. मागून सपाट. हे नवीन तऱ्हेची हाय. तुमच्या जुन्या मशीनले दोन्हीकडून चिपावाली लागते. माह्याबी क्लासमंदी असंच झालं होतं, दिवसभर रडली मी."

मग त्यांनी चालू क्लासमधलं सगळ्यात नवं मशीन बंद केलं. माझी पट्टी त्यात बिनबोभाट चालली. त्यातली मूळची पट्टी त्यांनी माझ्यासाठी काढून घेतली. ताकदीनं निम्मी, पण दोन्ही बाजूंनी चिपा असलेली. पोरांना "बसा चूप" म्हणून त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या.

"तुमच्या पोरानं बरोबर ओळखलं भाऊ," त्या मालकांना म्हणाल्या. "ते पट्टी जुन्या मशीनची नाई. म्हणून माह्याशी बदलून घेतली."

मी काय ओळखलं होतं ते माझा लाल डोळाच सांगत होता. पट्टी बसली. कॉम्प्युटर सुरू झाला. बीप नाही, काही नाही. मालक खूश होऊन कुंकवाचा करंडा घेऊन उठले, तशा बाई पटकन म्हणाल्या, "कॉम्प्युटरच्या डब्ब्याले लावा भाऊ. बाहेरून."

सगळी तोंडं सारख्या मापात बसली आणि सीडी गाडीनं गेली. माझी बॅग होती तिथंच राहिली. पुढे बाईंनी दुपारच्या रिकाम्या खुर्चीवर बसवून मला मशीनचं पोट उघडून दाखवलं. फीचं नाव काढलं नाही. आज मी त्यावरच पोट भरतो. आधी पट्टी दोन्ही बाजूंनी पाहतो, मगच बोलतो.

बाई, माझं स्वतःचं दुकान झालं की पहिलं मशीन तुमच्या क्लासात आणून मीच बसवून देईन. टिळा तुमच्या हातचा. डब्ब्याले, बाहेरून.