अक्काची नववी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. तुम्हाला आधी सांगतोय — जीभ वळते का, ते बघायला.

समुद्रापासून सुरू करतो. ते सोपं आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही लातूरहून गाडी करून कर्नाटकातल्या किनाऱ्यावर गेलो. मी, बायको, मुलगा, सून, आठ वर्षांची नात सई — आणि उदगीरला दिलेली माझी थोरली बहीण, अक्का. गाव कोळ्यांचं, पण तिथं सर्फिंग शिकवतात. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायचं. आम्ही उतरलो त्या घरची मुलगी भारतीच शिकवायची. चार दिवस काही म्हणजे काही काम नव्हतं. सकाळी नीर डोसे, मग वाळूत पाय पसरून बसायचं. अक्का घरमालकिणीशी सीमेजवळच्या उदगीरात शिकलेल्या कानडीत गप्पा मारायची आणि आम्हाला त्यातलं निम्मंच सांगायची. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावची आम्ही माणसं. एवढं पाणी बघून बायको पहिल्या दिवशी नुसती हसत होती.

दुसऱ्या दिवशी सईनं भारतीला मोडक्या हिंदीत सांगितलं — माझ्या आबांनी लहानपणी विहिरीत उडी मारून बहिणीला वाचवलं, त्यांना बक्षीस मिळालंय! भारतीनं कौतुकानं फळी माझ्यापुढं धरली. मी म्हणालो, कंबर दुखतेय.

मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं.

अक्का उठली. पदर खोचला, सईचा हात सुनेच्या हातात दिला, कमरेएवढ्या पाण्यात गेली — आणि पाठीवर आडवी होऊन खुशाल तरंगायला लागली. सगळे टाळ्या वाजवत होते. मी वाळूकडं बघत होतो.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. मी सातवीत, अक्का नववीत. पावसानं दगा दिलेला. रेणापूरजवळच्या आमच्या गावात एका पायऱ्यांच्या विहिरीत तेवढं पुरुषभर पाणी उरलं होतं. आम्ही दोघं घागरी घेऊन गेलो. चार वर्षांची धाकटी बहीण नंदा मागं लागून आली. शेवटच्या पायरीवरून ती घसरली. अक्कानं उडी मारली. आणि मी? — मी उभा होतो. ओरडलोसुद्धा नाही. अक्कानं नंदाला ओढून माझ्या हातात दिलं, म्हणाली, "पळ, वर ने." वर आलो तर माणसं धावत आलेली. ओली पोर कडेवर, माझा सदरा चिंब. कुणीतरी विचारलं, "तूच काढलीस का रे हिला?"

मी म्हणालो, "हाव."

नव्या जिल्ह्याच्या गावी एका साहेबांच्या हातून मला कंपासपेटी मिळाली. त्या दिवशी तांब्यात निखारे घालून माझ्या सदऱ्याला इस्त्री केली, ती अक्कानंच.

हे एवढं मी किनाऱ्यावर सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी, नाश्त्याला, सगळ्यांसमोर. सई टक लावून बघत राहिली. अक्का हळूच म्हणाली, "मला वाटलं, तू इसरून गेलास."

"मग तुम्ही का नाही सांगितलं?" सुनेनं विचारलं.

"पोरगी हिरीत उड्या मारती म्हणून गावभर झालं असतं, तर आईनंच बदडलं असतं मला!"

सगळे हसले. मुलगा म्हणाला, बाबा, कबूल करायला हिंमत लागते. आणि ते कौतुक मी घेतलं — पुन्हा एकदा घेतलं. कारण मी अर्धंच सांगितलं होतं.

नंदा विहिरीत पडली त्या दुपारी दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला विचारलं होतं, "अक्का कुठं व्हती तवा?" मी एकट्यानं वाचवलं म्हटल्यावर अक्का तिथं नसायलाच हवी, नाही का? मी म्हणालो, "पोरीला माझ्याजवळ टाकून मैत्रिणीकडं गेली व्हती." तिकडं अक्का परकर वाळेपर्यंत विहिरीच्या खालच्या पायरीवरच, कुणाला दिसणार नाही अशी बसून राहिलेली. उशिरा घरी आली, आणि माझं खोटं आणखीच खरं ठरलं. दादा कारणं सांगणारे नव्हते. पोरगी जबाबदार नाही, हे त्यांनी मनात धरलं. सोमवारपासून अक्काची शाळा बंद. गणितात वर्गात पहिली येणारी पोर. नववी अर्धीच राहिली. दोन वर्षांत लग्न.

त्याच नाश्त्याला सईनं विचारलं, "अक्काआजी, मग तू शाळा का सोडलीस?"

"दुष्काळ व्हता बाई. लई पोरींच्या शाळा सुटल्या त्या साली."

मी चहाचा कप तोंडाला लावला. तिथं बोलता आलं असतं. नाही बोललो.

शेवटच्या दिवशी अक्का फळीवर पालथी पडली, भारतीनं ढकललं आणि ती लाटेबरोबर सरळ वाळूत येऊन थडकली. तोंडात खारं पाणी, तरी ओरडतेय — "इन्नोंदु सल!" म्हणजे, आणखी एकदा. परतताना गाडीत तिनं सुनेला विचारलं, "ह्या वयात धाव्वीला बसता येतं का गं?" सुनेनं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा अर्ज भरून दिला. आता अक्का रोज सकाळी नातवंडांच्या आधी गणितं सोडवायला बसते. अडलं की मला फोन करते. काल फोन केला, तेव्हा तिचा आवाज नववीतल्या पोरीसारखा वाटत होता.

उद्या सकाळच्या बसनं उदगीरला जातोय. ती रडेल, चिडेल, की दार लावून घेईल — ते तिचं. मी उंबऱ्यातच सांगणार आहे: अक्का, तुझी शाळा दुष्काळानं न्हाई बंद पडली. म्या बंद पाडली.