रविवारचा दहावा

वडील शुक्रवारी सकाळी गेले. आई चहा गाळत होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. शेजारच्या मावशींचा फोन आला. दहावा पुढच्या आठवड्यातल्या रविवारी येत होता.

रविवार म्हटल्यावर काका फोनवर म्हणाले, “बरं झालं. सगळ्यांना सुट्टी हाय.”

आम्ही अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या धरणाजवळच्या गावात राहतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे नाशिक, पुणे, मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. काका कोपरगावला असतात, ऊसवाले आहेत. वडील तीन वर्षं आजारी होते. त्या तीन वर्षांत काका एकदा आले, तेही दुसऱ्या कुणाच्या लग्नाला जाता जाता. इकडचा घाट त्यांना झेपत नाही, असं ते म्हणायचे. दहाव्याला मात्र तीन गाड्या भरून माणसं त्याच घाटातून येणार होती.

आठव्या दिवशी चुलतभावाचा मेसेज आला. “ताई, येतोच आहोत तर बघण्यासारखं काय काय आहे? लिस्ट पाठव ना. मुलंही येतायत.”

मी लिस्ट पाठवली. हे मला लिहायला लाज वाटते, पण पाठवली. धरणाची भिंत, रंधा धबधबा, पाण्याच्या कडेने गोल फिरणारा रस्ता, रतनवाडीचं देऊळ. कुठे गाडी जाते, कुठे चालावं लागतं, भात कुठे चांगला मिळतो. आयुष्यभर ग्रंथालयात लोकांना हवं ते काढून देण्याची सवय आहे. समोरच्याने काय मागितलं आहे, याचा विचार मी मेसेज गेल्यावर केला. त्याने अंगठा पाठवला.

मला भाऊ नाही, म्हणून विधी काका करणार होते. त्यामुळे जागा आणि वेळही तेच ठरवणार, असं ते धरून चालले. आमच्या गावात दहावा नदीवरच्या घाटावर होतो, आणि रविवारी आला तर सकाळी सातला उरकतात. शेजारच्या मावशींनी आईला आणि मला दोघींना बजावलं होतं, “सातला बसा. नऊनंतर तिकडं कावळा ऱ्हात न्हाई.” मी काकांना सांगितलं. एकदाच सांगितलं, आणि हळू आवाजात.

“सातला कोपरगावावरून कसं व्हायचं?” काका म्हणाले. “आन घाटावर गाडी उतरत न्हाई, लई चिखल. बॅकवॉटरला सपाट जागा हाय. गाड्या लागतात, व्ह्यू पण हाय. साडेदहाला करू.”

दहाव्याला व्ह्यू. मी “बरं” म्हणाले. आई तिथेच बसली होती. भाऊजींपुढे ती कधी बोललेली नाही.

रविवारी साडेदहाला आम्ही पाण्याच्या काठावर होतो. मागे तीन गाड्या, त्यांच्या मागे कुणातरी पर्यटकांचे तंबू. तिथे गाणी लागली होती. काकांनी मुंडण केलं, गुरुजींनी पिंड मांडले. पत्रावळीवर भात, वडे आणि वडिलांना आवडायची म्हणून आईने पहाटे केलेली कुळथाची पिठी ठेवली. मग सगळे मागे सरून उभे राहिले आणि आभाळाकडे बघू लागले.

कावळा नव्हता. एकही नव्हता. पंधरा मिनिटं गेली.

“दादा, या हो,” काका हात जोडून म्हणाले. “वहिनीला काय कमी पडू देणार न्हाई.”

तीन वर्षं औषधं आणायला मी एसटीने संगमनेरला जात होते. मी काकांच्या तुळतुळीत डोक्याकडे बघत राहिले.

“घराचं मनात आसंल,” कुणीतरी म्हणालं. काकांनी घराचंही कबूल केलं. मग नातवंडं नाहीत त्याचं, मग वडिलांच्या बंद पडलेल्या स्कूटरचं. काहीही कबूल करायला त्यांना काही लागत नव्हतं.

मग काकू म्हणाल्या, “पोरीचं ऱ्हायलंय ना. तेच आडलंय. दुसरं काय आसायचं?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी सेहेचाळीस वर्षांची आहे.

“व्हय की,” काका म्हणाले. “दादा, पोरीला ह्या साली उजवतो बघा. या आता.”

मागून चुलतभाऊ बायकोला हळूच म्हणाला, “मग काय कावळा येत नाही आज.” ती तोंडावर पदर घेऊन हसली. मला दोन्ही ऐकू आलं.

“आगं तू म्हन ना,” काकू माझा दंड धरून म्हणाल्या. “तुझ्या तोंडून ऐकायचं आसंल त्यांना. नुसतं म्हन, करते म्हनावं.”

वडिलांनी मला लग्नाबद्दल शेवटचं विचारलं त्याला वीस वर्षं झाली असतील. नको म्हटल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही. दर शनिवारी मी ग्रंथालयातून काय आणलं एवढंच ते विचारायचे. हे आईलाही माहीत आहे, असं मी समजत होते. पण मी आईकडे पाहिलं तर ती माझ्याकडे बघत होती. म्हणतेस का, असं ती नजरेनेच विचारत होती.

मी पत्रावळीसमोर हात जोडले आणि म्हणाले, “करते.”

आम्ही आणखी दहा मिनिटं उभे राहिलो. तंबूवाल्यांनी गाणं बदललं. चुलतभावाने घड्याळ पाहिलं, मग फोन घेतला आणि बाजूला जाऊन “हो हो, निघालोच” म्हणाला. त्याने बाराची जीप ठरवली होती, पाण्याभोवती फिरायला.

“गुरुजी, दर्भाचा करून टाका,” काका म्हणाले.

“थोडं थांबू या ना, भाऊजी,” आई म्हणाली. माझ्या आठवणीत तिने त्यांना केलेली ही पहिली विनंती.

“वहिनी, जीपवाला थांबत न्हाई. आन दर्भाचा पण शास्त्रातच हाय, इचारा गुरुजींना.”

गुरुजींनी मान डोलावली. दर्भाला गाठ मारून कावळा केला आणि पिंडाला टेकवला. दोन मिनिटांचं काम. आई पत्रावळीकडे बघत उभी राहिली, गाडीचं दार उघडून काकूंनी हाक मारेपर्यंत.

“वहिनी, तुमी व्हा फुडं घरी. आमी पोरांना फिरवून आलोच जेवायला,” काका म्हणाले.

घरी चाळीस माणसांचा स्वयंपाक झाला होता. शेजारच्या बायकांनी सकाळपासून राबून केलेला. दीड वाजला, अडीच वाजले. फोन लागत नव्हता. शेवटी मी मावशींच्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून धबधब्याकडे गेले. लिस्ट मीच दिलेली, कुठे असतील ते मला शोधावं लागलं नाही.

ते पार्किंगजवळच्या टपरीवर होते. काका, काकू, सगळे. कांदाभजी चालली होती. दहाव्याच्या दिवशी, घरचं पान वाढलेलं असताना. पण माझं लक्ष आधी तिकडे गेलंच नाही. टपऱ्यांच्या पत्र्यांवर, कचऱ्याच्या ढिगावर, गाड्यांच्या टपांवर कावळे बसले होते. नूडल्सच्या कागदी थाळ्या ओढत होते, मक्याची कणसं टोचत होते. गावातले सगळे कावळे तिथे होते. चुलतभावाची बायको भज्याचे तुकडे टाकत होती आणि तो मोबाईलवर शूटिंग करत होता.

“बघ की,” काका मला म्हणाले, “किती धीट झालेत. हातातनं घेतात.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना काहीच जाणवलेलं नव्हतं. त्यांना ते जाणवावं म्हणून ओरडायला हवं होतं, तेवढ्या लोकांत, तिथल्या तिथे. मी म्हणाले, “जेवण गार होतंय.”

“आता कशाला, पोटं भरली,” काकू म्हणाल्या. “डब्यात घालून दे थोडं.”

संध्याकाळी गाड्या गेल्या. रात्री फॅमिली ग्रुपवर फोटो आले. धबधबा, धरण, देऊळ, मुलं, आणि मधोमध वडिलांचा हार घातलेला फोटो.

मी आईला सगळं सांगितलं. कावळे तिथे होते, रविवारी सकाळी टपऱ्या उघडल्या की ते तिकडेच जातात, मावशींनी म्हणूनच सात म्हटलं होतं. वडिलांचं काही राहिलेलं नव्हतं. हे मी तिला नीट, क्रमाने समजावलं, वेगवेगळ्या दिवशी, पुन्हा पुन्हा.

“ज्याचं मन भरलेलं असतं, त्याच्यासाठी येतो कावळा,” आई म्हणते. “टपरी असो नाहीतर काही असो.”

याला आता आठ महिने झाले. काकांचे फोन येतात, मी उचलत नाही. काकूंनी मध्ये एक स्थळ कळवलं होतं, बिजवराचं. वडिलांसमोर शब्द दिला आहेस, असं निरोपात होतं.

आई आता रोज दुपारी जेवायच्या आधी मागच्या भिंतीवर घास ठेवते. कावळा येतो आणि खाऊन जातो. मी म्हणते, बघ, आला. ती म्हणते, “दहाव्याला आला नाही.”