उभट सोंगट्या

बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, झटका सौम्य आहे. बाबांना तो तसा वाटला नाही. गेला होता तो त्यांचा उजवा हात, म्हणजे कॅरमचा हात. ते कारखान्यात फिटर होते आणि कारखान्याच्या टीमकडून अनेक वर्षं खेळले होते. आमच्या मुलुंडच्या घरात शोकेसमध्ये कप आहेत ते सगळे त्यांचे.

चालणं लवकर सुधारलं. बोटं मात्र ऐकेनात. फिजिओथेरपीला येणाऱ्या बाई म्हणाल्या, व्यायाम हवेतच, पण ज्यात त्यांचं मन लागेल असं काहीतरी बोटांना करायला द्या. खरा बोर्ड मांडला, तर पहिल्याच दिवशी स्ट्रायकर जेमतेम वीतभर सरकला. बाबांनी बोर्ड उचलून कपाटामागे ठेवायला लावला.

मी अंधेरीत एका लहान गेम कंपनीत प्रोग्रॅमर आहे. त्या वेळी आम्ही कॉम्प्युटरवर खेळायचा कॅरम बनवत होतो. मी आमचा अर्धवट झालेला गेम घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकला. माउस धरायचा, नेम धरायचा, बोटाने दाबायचं. बाबांनी आधी नाक मुरडलं आणि मग रोज खेळायला लागले. सकाळी स्क्रीनच्या एका बाजूला व्यायामाचा व्हिडिओ लावायचे, शेजारी गेम छोट्या खिडकीत. व्यायाम संपला की गेम पूर्ण स्क्रीनवर न्यायचे, कारण चष्मा लावूनही त्यांना बारीक दिसत नसे.

मग एका आठवड्यात त्यांनी हळूहळू खेळणं बंद केलं. मला आईने सांगितलं. मी विचारलं तर म्हणाले, कंटाळा आला. रविवारी जेवणानंतर परत विचारलं, तेव्हा टीव्हीकडे बघतच बोलले.

"हात गेला गो परत. खिडकीत लागतं, मोठं केलं की चुकतं. जोर पडला की थरथरतो."

मी म्हटलं, माझ्यासमोर खेळून दाखवा. ते तयार नव्हते, पण बसले. छोट्या खिडकीत त्यांनी लागोपाठ सोंगट्या घेतल्या, एक तर इतका बारीक कट मारला की मी कितीही प्रयत्न केला असता तरी मला जमला नसता. मग स्क्रीन पूर्ण केली. आमच्या घरचा मॉनिटर जुना, जवळजवळ चौकोनी. गेमचं चित्र रुंद स्क्रीनसाठी आखलेलं, ते या चौकोनात ताणून बसलं होतं. सगळ्या सोंगट्या उभट, अंड्यासारख्या दिसत होत्या. हे माझ्या लगेच लक्षात आलं. पण नेम का चुकतोय ते कळत नव्हतं, म्हणून मी त्यांना चारही पॉकेटकडे मारायला सांगितलं.

डावीकडच्या वरच्या पॉकेटमध्ये सोंगटी नीट गेली. उजवीकडे थोडी चुकली. खाली उजवीकडच्या पॉकेटला तर स्ट्रायकर भलतीकडेच गेला. मी परत मारायला लावलं. पुन्हा तेच, तेवढंच, त्याच बाजूला. आता मला खात्री पटली. हात थरथरला असता तर कुठेही थरथरला असता. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून जसजसं लांब जावं तसतशी चूक वाढत जाणं, हे हाताचं काम नाही, हिशेबाचं आहे.

"तुमचा हात बरोबर आहे, बाबा," मी म्हटलं. "गेम चुकतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजूत घालतेय असं त्यांना वाटलं असणार. म्हणून मी स्वतः खुर्चीत बसले आणि तोच शॉट मारला. माझाही स्ट्रायकर त्याच बाजूला गेला. मग ते हसले, बऱ्याच दिवसांनी.

सोमवारी मी ऑफिसात कोड उघडला. खिडकीतून पूर्ण स्क्रीनवर जाताना गेम स्क्रीनचा आकार मोजत होता, पण बदल पूर्ण होण्याच्या आधीच. त्यामुळे चित्र मोठ्या स्क्रीनचं आणि माउसचा हिशेब मात्र मघाच्या छोट्या खिडकीचा. ऑफिसात सगळ्यांचे मॉनिटर सारखे रुंद आणि गेमची खिडकीही जवळपास स्क्रीनएवढीच, त्यामुळे फरक कुणाला जाणवलाच नव्हता.

आमचा टीम लीड घाटकोपरचा, माझ्याच वयाचा, कामाला चोख. पण रिलीज तोंडावर आलं होतं. तो म्हणाला, विंडो मोडच, ती छोटी खिडकीच, काढून टाक ना यार, बदलायचं नाही तर बिघडणार पण नाही.

"विंडोत बरोबर चालतंय," मी म्हटलं. "गेम थेट फुलस्क्रीनमध्ये सुरू केला तरी चौकोनी मॉनिटरवर चित्र ताणलेलंच राहणार. तू बरोबर असलेलं काढतोयस आणि चुकलेलं ठेवतोयस. मला बुधवारपर्यंत वेळ दे."

त्याने माझ्या मॉनिटरचं रिझोल्यूशन बदलून स्वतः खेळून बघितलं, उभट सोंगट्या बघितल्या आणि वेळ दिला.

मला काय करायचं ते आधीच दिसत होतं. स्क्रीनच्या रिझोल्यूशनला हातच लावायचा नाही. ज्याच्या घरी जे असेल त्यातच गेम पसरायचा. बोर्ड नेहमी एकाच ठरलेल्या मापात काढायचा आणि मग दोन्ही बाजूंनी सारखाच मोठा करायचा. उरेल त्या जागेत गडद पट्ट्या राहू द्यायच्या. माउसचा हिशेब त्याच मापाने उलटा करायचा. आणि आकार मोजायचा तो स्क्रीन खरोखर बदलल्यावरच. खिडकी आधी कुठे आणि केवढी होती तेही लक्षात ठेवायचं, म्हणजे परत आल्यावर ती जागेवर सापडते. मंगळवारी संध्याकाळी सगळं नीट चाललं. मी ऑफिसच्या स्टोअरमधून जुने मॉनिटर काढून आणले आणि प्रत्येकावर मुद्दाम पुन्हा पुन्हा लहान-मोठं करून बघितलं. काहीच हललं नाही.

घरी नवा गेम टाकला तेव्हा बाबांनी आधी वरखाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांबद्दल तक्रार केली. जागा फुकट घालवलीस, म्हणाले. मी म्हटलं, सोंगट्या बघा. त्यांनी चष्मा पुसून बघितलं. सोंगट्या गोल होत्या. मग त्यांनी तो खाली उजवीकडचा शॉट घेतला. राणी गेली. पाठोपाठ कव्हरही.

त्यांनी आईला हाक मारून चहा टाकायला सांगितलं आणि मला शेजारी खुर्ची ओढायला. तो डाव मी हरले, पुढचाही.

गेम वेळेवर बाहेर पडला. लीडने स्क्रीनचा तो भाग पुढच्या गेममध्येही जसाच्या तसा वापरायला घेतला. आता दुपारी अंधेरीत जेवायला बसले की बाबांचा फोन येतो. कॉम्प्युटर फार सोपे शॉट सोडतो, त्याला जरा शिकव, असं त्यांचं म्हणणं आहे. फोन ते उजव्या हातात धरतात, असं आई सांगते.