गौरीला मोजलेल्या लेकी

संगिताने फळ्यावर गणित पुन्हा मांडलं. उत्तर तेच आलं.

"२०१४ ला पाड्यात दोनशे तीस माणसं. आता, चार वर्षांनी, दोनशे सोळा. म्हणजे वस्ती सहा टक्क्यांनी घटली."

संगिता माझी शाळेपासूनची मैत्रीण. उधव्याजवळच्या पाड्यात अंगणवाडी चालवते. वरून आदेश होता, वस्ती घटत असेल तर ही अंगणवाडी ओढ्यापलीकडच्या अंगणवाडीत मिळवायची. पावसाळ्यात त्या ओढ्यातून मोठी माणसंही जपून जातात. तीन वर्षांची पोरं कशी जाणार?

पाड्यातली नवशी आजी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून ऐकत होती. "घटली कशी गं? घराघरात तान्ह्याची झोळी टांगलीय. तुझा हिशोबच चुकला असेल."

"मग माणसं गेली कुठं, आजी?"

"सासरी!" आजी हसली. "चार वर्षांमागं तू मोजलंस तेव्हा गौरीचा सण होता. माझ्या दोघी लेकी पोरांसकट आलेल्या. म्हटलं, मोज बाई, घर भरलेलं दिसू दे."

संगिताच्या हातातला खडू थांबला. माहेरी आलेली लेक पाहुणी आहे, असं कुठलं घर सांगेल?

आम्ही घरोघर विचारलं. लेकी आणि त्यांची पोरं मिळून तीस माणसं जास्त धरली होती. तेव्हाची खरी वस्ती दोनशेच.

"दोनशेवर सोळा. आठ टक्के वाढ!" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "पण तेव्हा मी चुकले, हे सांगावं लागेल. नोकरी गेली तर?"

"मग नको सांगू."

"आणि पोरं?"

दुसऱ्या दिवशी तिने तालुक्याला, तलासरीच्या कार्यालयात जाऊन तिच्या वरिष्ठ रश्मी मॅडमना सगळं सांगितलं. मी दाराशी उभी होते. असं सरळ बोलता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

रश्मी मॅडम शहानिशा करायला स्वतः पाड्यात आल्या. "लेकी कुठायत?" त्यांनी विचारलं.

"सासरी, मॅडम! गौरीला या, परत मोजा!" बायका खिदळल्या.

मॅडमही हसल्या. "संगिता, यापुढे सणात मोजायचं नाही. अंगणवाडी इथेच राहील."

संगिताने पदराने डोळे टिपले. आजीने तिच्या पाठीवर थाप मारली. "रडतेस कशाला? चहा टाक."

पुढच्या गौरीला लेकी आल्या. त्यांची पोरं अंगणवाडीत खिचडीला बसली.

"ह्यांना मोजू नको गं!" आजी दारातून ओरडली.

"वाढते फक्त," संगिता म्हणाली आणि खिचडीचा डाव भरला.