वच्छलाबाईंनी डिस्क ब्रेकला तेल घातलं

अड्याळच्या बाजाररस्त्यावर वच्छलाबाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नवरा, बाबुलाल, जवाहरनगरला ठेकेदाराकडे कामाला लागला, तेव्हा तो चालवत असलेलं हे दुकान बंद करायचं ठरलं होतं. वच्छलाबाई म्हणाल्या, "कायले बंद करता? मले येते न." त्याला आता बावीस वर्षं झाली होती. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात तर पवनीपर्यंत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

डाक वाटणाऱ्या तृप्तीने डिस्क ब्रेकची गिअरवाली सायकल घेतली. दोन महिन्यांत ब्रेक असा किंचाळायला लागला, की ती गावात शिरायच्या आधीच लोक दारात येऊन उभे राहायचे. तिला लाज वाटे. वच्छलाबाईंनी डिस्कची सायकल तोवर हाताळली नव्हती. पण कुरकुरणाऱ्या लोखंडाला तेल द्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ब्रेक ज्यांना पकडतो त्या दोन्ही चाकांच्या चकत्यांवर मशीनचं तेल सोडलं. आवाज गेला. तृप्ती खूश झाली, वच्छलाबाईही.

आठव्या दिवशी तृप्ती सायकल ढकलत आली. कोपराला पट्टी होती.

"गोसीखुर्द धरणाच्या उतारावर ब्रेकच लागला नाही जी, मावशी. समोर बकऱ्या होत्या. सायकल सरळ धानाच्या बांधीत घातली. डाकेची थैली चिखलात गेली."

"हाड तं नाही मोडलं?"

"नाही. सायकलच खराब निघाली म्हणा."

वच्छलाबाईंनी चकतीवर बोट फिरवलं. बोट तुळतुळीत झालं. पॅड काढून पाहिले, तर तेल पिऊन काळे पडले होते. चकती पकडायचं काम असलेल्या पॅडवरून ती नुसती घसरत होती. त्या म्हणाल्या, "सायकल खराब नाही, पोरी. माया तेलानं पडली तू."

तृप्ती म्हणाली, "तुमी नसतं सांगितलं तं मले समजलंच नसतं."

"मले तं समजलं होतं न."

त्यांनी तृप्तीला आपली जुनी सायकल दिली आणि तिची ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून त्या भंडाऱ्याला गेल्या. तिथल्या दुकानदाराकडून नवे पॅड आणले, चकत्या स्पिरिटने पुसल्या. स्वतः चालवून पाहिली; एक दिवस बरा गेला, दुसऱ्या दिवशी ब्रेक पुन्हा किंचाळला. चाक फिरवून नीट पाहिलं, तेव्हा दिसलं की पुढची चकती वाकली आहे. शिवाय चकती पकडणाऱ्या जबड्यातला एकच पॅड सरकायचा आणि चकतीला दुसऱ्यावर दाबायचा. केबलचं कव्हर मऊ, त्यामुळे हाताचा अर्धा जोर त्यातच जिरायचा.

मग त्या थेट नागपूरला गेल्या. गिअरच्या सायकलींच्या मोठ्या दुकानात, पदर खोचून, त्यांनी जुना जबडा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "दोन्हीकून दाबणारा भेटते का?" भेटला. सोबत पुढच्या चाकासाठी मोठी चकती, ती बसवायचा तुकडा, मागची नवी चकती, चांगले पॅड आणि न दबणारं कडक कव्हर. दुकानदाराने बजावलं, नव्या ब्रेकला आधी चकतीवर घासून बसू द्या, मगच भरवसा ठेवा.

सगळं बसवायला पूर्ण दुपार गेली. चकतीला हाताचा स्पर्श नको म्हणून त्यांनी धुतलेलं फडकं वापरलं. मग मागे डाकेच्या वजनाइतकी रेती बांधून स्वतःच सायकलवर बसल्या. सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा वेग घेतला, हळूहळू दाबत कमी केला. पहिल्या चार-पाच वेळा ब्रेक जेमतेम लागला. पुढे पकड येत गेली. शेवटी धरणाच्या त्याच उतारावर गेल्या. वयाच्या पन्नाशीत, नऊवारी नव्हे, पाचवारी साडीत. अर्ध्या उतारावर दोन बोटं दाबली आणि सायकल उभी राहिली. आवाज नव्हता.

तृप्ती सायकल न्यायला आली, तेव्हा तिने थोडी चालवून सवयीने सगळी मूठ आवळली. मागचं चाक वर उचललं गेलं.

"अवं, हळू," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता जोर नाही लावाचा. दोनच बोटं."

तृप्तीने बाजाराच्या दोन चकरा मारून हात बसवला, थैली बांधली आणि गोसीखुर्दच्या रस्त्याला लागली.