निळ्या पिशवीचा आवाज

माझी मोठी बहीण, अक्का, बोलत नाही. चाळिशी उलटली तरी तिला भरवावं लागायचं. काही जमलं की बक्षीस म्हणून आम्ही तिला जिलबी द्यायचो, कारण जिलबी आम्हाला आवडायची. जळगावहून येणाऱ्या शिकवणाऱ्या बाईंनी मात्र रोज तिच्यापुढे दोन-दोन वस्तू ठेवल्या आणि ती काय उचलते ते पाहिलं. शेव, आरसा, घुंगरू, कशालाच तिने हात लावला नाही. मग एकदा केळीच्या घडावर चढवतात ती निळी प्लास्टिकची पिशवी तिने कोपऱ्यातून उचलली, कानाशी चुरगाळली आणि हसली.

त्या आवाजासाठी ती हाताने जेवायला शिकली, चपला घालायला शिकली. दाराची कडी काढायला मी शिकवलं. बाई नको म्हणाल्या होत्या, पण मला कौतुक मिरवायचं होतं.

आमचं घर सावद्याबाहेर, केळीच्या बागेत. वारा सुटला की घडांवरच्या सगळ्या पिशव्या एकदम वाजतात. तो आवाज ऐकून ती कडी काढून बागेत जायला लागली. पहिल्यांदा ती सापडली तेव्हा कठडा नसलेली विहीर दहा पावलांवर होती.

आता मी दाराला कुलूप लावतो. ती रडत नाही. वारा सुटला की चपला घालून दाराशी बसते, आणि मी किल्ली कुठे ठेवतो ते बघत राहते.