फणस देऊन आणलेली तार

आमच्या घरची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, अजूनही पाच दिवसांची असते आणि घराण्यातलं झाडून सगळं माणूस तिला हजर राहतं. घरात मात्र आम्ही दोघंच असतो, मी आणि माझी बायको सुमती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य झाल्या त्या इंटरनेटमुळे, आणि इंटरनेट आमच्याकडे आलं ते माझ्यामुळे. तेव्हा दोष द्यायला मला घराबाहेर पडावं लागत नाही. तेवढीच या वयात सोय!

आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, गोव्यातल्या कोरगावात, काजूच्या डोंगराखालच्या खोलगट जागेत. मोबाईलची रेंज डोंगराच्या माथ्यापर्यंत यायची, खाली आमच्याकडे बघायची आणि परत जायची. सगळ्या वाड्यात ती एकाच ठिकाणी सापडे, आमच्या विहिरीच्या कठड्यावर, तीही उजवीकडे झुकून बसलं तर. माझा मुलगा विनय बंगळूरला संगणकाच्या कंपनीत आहे. तो चवथीच्या आदल्या संध्याकाळी बायको-मुलासह यायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवणाचा हात सुकायच्या आत निघायचा. मधला वेळ कठड्यावर. एका वर्षी आत आरती चालली होती आणि हा बाहेर विहिरीवर उजवीकडे कलून साहेबाला हो हो म्हणत होता. (त्याच्या आईचं अर्धं लक्ष देवाकडे आणि अर्धं विहिरीत.)

दरवर्षी गाडीत बसताना तो म्हणायचा, "बाबा, हंय नेट येऊंदे. मी म्हयनोभर रवतंय. काम हंयसूनच करतंय."

मुलं जाताना असं काहीतरी बोलतात. शहाणे आईबाप ते गाडीच्या धुळीबरोबर खाली बसू देतात. मी जन्मभर पेडण्याच्या सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. माझ्या दृष्टीने तो अर्ज होता आणि त्यावर कार्यवाही करणं भाग होतं.

त्या दिवसांत वर्तमानपत्रं ब्रॉडबँडने भरलेली असत. आपल्यासारख्या आशियातल्या वाढत्या देशांत म्हणे खेडोपाडी तार पोचली की मागोमाग प्रगती चालत येते, तरुण गावाकडे परततात, आणि परतलेला एक तरुण गोठ्याशेजारी लॅपटॉप घेऊन हसताना फोटोत दिसे. मी ते सगळं सुमतीला मोठ्याने वाचून दाखवायचो. तिने एकदाच विचारलं की फोटोतल्या मुलाचा गोठा इतका स्वच्छ कसा. मी तिला प्रगतीविरोधी ठरवून टाकलं.

आधी टॉवरचा प्रश्न ग्रामसभेत आला. टॉवर सगळ्यांनाच हवा होता, फक्त दुसऱ्याच्या जमिनीत, दुसऱ्याच्या भाटात. सभा उठली, टॉवर उठला नाही. मग कळलं की एका खाजगी कंपनीची तार तिठ्यावरच्या दुकानापर्यंत आली आहे. मी तिथे खेटे घालायला लागलो. चपलांचा जोड झिजला तेव्हा कंपनीचा जोडणीवाला सुहास आमच्याकडे उगवला. हा सावंतवाडीकडचा गडी, बोलायला गोड. त्याने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि सांगितलं की तार येईल, पण ती शांबाच्या भाटातूनच येईल. दुसरी वाट नाही.

शांबा माझा चुलतभाऊ. कुंपणापलीकडे त्याचं घर आणि कुंपणावर एक फणस. हा फणस कोणाचा यावरून माझे वडील आणि त्याचे वडील भांडत जगले आणि भांडत वारले. या झाडापायी दोघांनी म्हापशाच्या कोर्टाच्या इतक्या खेपा घातल्या की तेवढ्यात काशी करून झाली असती. शांबा आणि मी एकमेकांशी फक्त सुतकात बोलायचो.

गेलो! मुलासाठी माणूस कुठेही जातो. शांबाने मला पाठ नसलेल्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. विनय बरा आहे ना, असंही विचारलं. तार केवढी जाड असते ते विचारलं, मी करंगळी दाखवली. मग तो सुपारी कातरता कातरता म्हणाला, "तार जाऊंदे. फणस माजो."

मी हो म्हणालो. दोन पिढ्यांचं भांडण करंगळीएवढ्या तारेवर मिटलं. निघताना उदार होऊन मी त्याला म्हटलं की तुलाही पासवर्ड देतो, तुझ्याकडेही चालेल. तो म्हणाला, "माका कित्याक? माजे दोनूय चेडे घराच आसत." त्याचे मुलगे दिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचे. खाणी थांबल्या तसे ते घरी येऊन बसले होते. मला त्याची मनापासून कीव आली. (आज आठवलं की मला स्वतःचीच येते.)

फणस गेला हे कळल्यावर सुमतीने माझ्याशी बोलणं टाकलं. पण तार आली, गणपतीच्या खोलीत भिंतीवर तो हिरवे दिवे लुकलुकवणारा डबा बसला आणि विनयचा चेहरा फोनवर असा स्वच्छ दिसला की तिने पदराने आधी डोळे पुसले आणि मग फोन. मी कामाला लागलो. विनयची खोली रंगवून घेतली. खिडकीला आम्ही जनेल म्हणतो, त्या जनेलासमोर नवं मेज, चाकांची खुर्ची. नातवाला उंडे, म्हणजे गोल पाव, आवडतात म्हणून सकाळी ते दारावर आणणाऱ्या पोदेराला चवथीच्या आठवड्यात जास्तीचे उंडे टाकायला सांगितले. वाटेत भेटेल त्याला मी थांबवून सांगत होतो की यंदा विनय महिनाभर आहे. काही लोकांनी मला बघून वाट बदलायला सुरुवात केली होती.

चवथ तोंडावर आली तेव्हा विनयचा फोन आला.

"बाबा, नेट आता मस्त चलता मरे. मग येवची गरजच काय? आम्ही बंगळूरसूनच आरतीक बसतो. सुट्टी वाचता."

मी "बरां" म्हणालो. पूर्वी विहिरीवर असतो तर रेंज गेली म्हणून फोन तरी ठेवता आला असता. आता माझाच आवाज मला घंटेसारखा ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी पुण्याहून माझा धाकटा भाऊ गजानन बोलला. तो दरवर्षी रात्रभर बसमध्ये कुटुंबासह हाडं खिळखिळी करून घेत येणारा माणूस. त्यालाही तार आल्याची बातमी लागली होती. पाठोपाठ बाकीचेही निवांत झाले. घराण्याच्या ग्रुपवर माझं अभिनंदन सुरू झालं. दादाने सगळ्यांना जोडलं, असं कोणीतरी लिहिलं, त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मीही एक अंगठा टाकला. दुसरं काय करणार?

चवथीच्या दिवशी विनयच्या सूचना पहाटेपासून सुरू होत्या. टीव्ही गणपतीशेजारी ठेवा, म्हणजे आम्ही तुम्हाला दिसू. तो फोनला जोडा. फोन उंचावर लावा, म्हणजे आम्हाला सगळं दिसेल. आता गणपतीच्या खोलीत उंचावर काय असतं? माटोळी! मूर्तीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, तिला नारळ, आंबाडे, सुपारीचे घड, रानातली फळं बांधलेली. मी एक नारळ आणि एक पपनसासारखं तोरिंग यांच्या मधोमध, रानवेलीच्या दोरीने, फोन बांधला. गोव्यात माटोळीला नाना तऱ्हेची फळं बांधतात, पण हे फळ बांधणारा मीच पहिला.

पंखा चालू होता. फोन हळूहळू गिरक्या घ्यायला लागला. बंगळूरला आणि पुण्याला दर्शन घडलं ते असं: गणपती, भिंत, सुमतीची पाठ, जनेल, भटजींचं टक्कल, परत गणपती. माझ्या भावजयीला गरगरायला लागलं. नातू मात्र टाळ्या पिटून अजून जोरात फिरवा म्हणाला. भटजींनी विनयला हातावर पाणी घ्यायला सांगितलं, त्याने ते घेतलं तोवर भटजी दोन मंत्र पुढे गेले होते. आरतीची तर शोभाच झाली. आम्ही एका कडव्यात, बंगळूर मागच्या कडव्यात आणि पुणं अजून माईक कुठे चालू करायचा ते शोधत. भटजी दोनदा थांबले, तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून एकट्याने आरती संपवली. कुंपणापलीकडून शांबाच्या मुलांचं मातीच्या मडक्याचं घुमट असं ठेक्यात वाजत होतं की भटजींचा पाय तिकडच्या तालावर हलत होता.

मग सुमतीने नैवेद्य आणला. विनय म्हणाला की पायस नीट दिसत नाही, जरा वर धरा. तिने भांडं वर धरलं आणि फोन त्यात पडला.

टीव्ही त्याच फोनवर चालत होता, त्यामुळे सगळं घराणं एकदम काळोखात गेलं. पायसातून फोन काढणं, धुवायचा की पुसायचा यावर भांडणं, त्याला सुमतीच्या नव्या पदरात गुंडाळून पंख्याखाली धरणं, भटजींना दक्षिणा देऊन वाटेला लावणं, यात बराच वेळ गेला. शेवटी फोन जिवंत झाला. टीव्हीवर विनय दात कोरताना दिसला.

"आमका दिसलां नेट गेलां," तो म्हणाला. "म्हणून मग जेवून घेतलां."

पुण्यात तर कोणी पडद्यासमोर नव्हतंच, एक रिकामा सोफा आम्हाला बघत होता. मला वाईट वाटलं. विनोदाने वगैरे नाही, सरळ वाईट वाटलं. सवयीने सुमतीने भाज्यांचं खतखतं नेहमीच्या मोठ्या टोपात केलं होतं. आम्ही दोघं समोरासमोर पानं मांडून बसलो. तिने मला तीनदा वाढलं आणि चौथ्यांदा वाढायला आली तेव्हा मी पानावर हात आडवा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (या वयात प्रकाश पडला की आधी डॉक्टरकडे जावं.) गणपती पाच दिवस आहे. आज नेट गेलं, तर विनयला विसर्जनाला यावंच लागेल! मी कोयता घेतला, कुंपणाशी गेलो आणि फणसाच्या फांदीवरून आलेली तार एका घावात तोडली. मागे वळलो तर शांबा दात घासत उभा.

"तार हाडूक फणस दिलो," तो म्हणाला, "आनी आता कापता?"

मी कोयता पाठीमागे लपवला. त्याने चूळ भरली.

"फणस परत मेळचो ना हां."

मी विहिरीच्या कठड्यावर गेलो, उजवीकडे कललो आणि विनयला फोन लावला. माकडाने तार तोडली, म्हटलं. काही दिसणार नाही, ऐकू येणार नाही. मग शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "विसर्जनाक ये रे. आई वाट बघता."

पलीकडे कळफलक खटखटला. तो सुट्टी बघतोय, असं मी धरून चाललो.

"बाबा, तुमी टेन्शन घेव नकात," तो म्हणाला. "मी हंयसूनच तक्रार घालतंय. फाल्यां सकाळीं माणूस येतलो."

ज्या सुहाससाठी मी चपला झिजवल्या, तो दुसऱ्या दिवशी पोदेराच्या आधी दारात! प्रगती म्हणतात ती हीच असावी. मी त्याला फणसाकडे नेलं. त्याने तारेची दोन्ही टोकं हातात घेऊन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, माकडां तार चावतत ती बघलंय," तो म्हणाला. "कोयतो चालवणारो माकड पयल्यांदाच बघतंय."

कुंपणापलीकडून शांबाच्या खोकल्याचा आवाज आला. मी आंब्याच्या झाडाकडे बघत राहिलो. सुहास भला माणूस, पुढे एक अक्षर न बोलता त्याने तार जोडली. सुमतीने त्याला न जेवता सोडलं नाही. चवथीच्या दिवसांत दारी आलेला माणूस, आणि खतखतं दोन दिवस गरम करकरून संपत नव्हतं. बसायला विनयची नवी खुर्ची दिली. तिच्यावर बसलेला तो पहिला माणूस.

तो जेवत असतानाच टीव्हीवर विनय उगवला. आधी चित्र नीट दिसतं का ते त्याने पाहिलं, मग सुहासचे आभार मानले. मग त्याला माकड आठवलं. आपल्याकडे पूर्वी माकडं एवढी कुंपणापर्यंत येत नव्हती, आता परत आलं तर पुन्हा तार जाईल, वनखात्याला कळवायला हवं, असं बरंच बोलला. सुहासचा हात घासासकट पानावर थांबला होता.

"पण कसलो माकड आसलो, बाबा? तुमी बघलात?"

"म्हातारो एक आसा," मी म्हणालो. "खंय जायना. हंयच आसता."